घड्याळ चुकलं म्हणे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी स्की आहे, बर्फावरून घसरणाऱ्या जोडीतली एक. डावी की उजवी, ते मात्र विचारू नका. आम्ही दोघी हुबेहूब सारख्या. ज्या पायाला बांधलं त्या पायाच्या. माझा गोंधळ असा जन्मापासूनचा आहे.

आल्प्समधल्या आमच्या गावात योस्ट आणि रेगुला या भावंडांत मिळून आमची एकच जोडी होती. त्या रविवारी सकाळी पुरुषांची शर्यत झाली आणि योस्ट पहिला आला. दुपारी त्याच उतारावर बायकांची होती. जिंकेल तिला सीमेपलीकडच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते. आठवडाभर रेगुलाला दुसरं काही सुचत नव्हतं.

आम्ही नीट घसरावं म्हणून त्यांच्या काकांनी आमच्या तळव्यांना सकाळच्या कडक बर्फाचं मेण लावलं होतं. दुपारी ऊन चढलं, बर्फ भिजला. त्या मेणावर आम्ही जागीच चिकटलो असतो. पण आमच्याकडे मेण म्हणजे पुरुषांचा प्रांत! काकांनी तिला डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. मग तिने चीज कापायच्या सुरीने आमचे तळवे खरवडले, वर मेणबत्ती घासली आणि गुमान चढावर निघाली.

खाली आलो तेव्हा योस्टपेक्षा चार सेकंद कमी लागले होते. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. छे! पंचांनी घड्याळ हलवलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "घड्याळ बिघडलंय, पोरी. बायकांची शर्यत रद्द."

रेगुला म्हणाली, "सकाळी याच घड्याळावर आमचा योस्ट जिंकला. मग त्याचीही रद्द करा."

काका तिच्यावर भडकले. योस्ट मात्र म्हणाला, "परत उतरू दे तिला. दोन घड्याळं लावा."

दीड तास आम्हाला खांद्यावर घेऊन ती पुन्हा वर चढली. या खेपेला पाच सेकंद कमी लागले, दोन्ही घड्याळांत. पंचांनी तिचं नाव लिहिलं, आणि रेगुला सीमेपलीकडे गेली.

आता मी गावच्या संग्रहालयात धूळ खात आहे. खाली पाटी आहे: 'योस्टची विजयी स्की'. हे कसं झालं, मला खरंच उमगत नाही. म्हातारा योस्ट स्वतः दोनदा येऊन सांगून गेला, "त्या दिवशी बहिणीने मला हरवलं." लोक कौतुकाने म्हणाले, "आजोबा किती नम्र!"

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. तेवढी पाटी बदला.