पायपुसणं नव्हे, झाकण

मी पायपुसणं बोलतोय असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी पाय बाजूला घ्या. मी झाकण आहे. रस्त्याच्या कडेला जी लोखंडी जाळी असते ना, तिच्यावर पसरायचं जाड, काळं, रबरी झाकण.

माझा जन्म टायरच्या कारखान्यात झाला. आमचं घराणं मोठं, सगळे ट्रकचे टायर. मी साच्यातून वाकडा निघालो, तसं मला कोपऱ्यात भिरकावलं. थोरल्या टायरांनी नाकं मुरडली. जन्मभर गोल गोल फिरणार ते, आणि वाया गेलेला म्हणे मी! मग कुणीतरी मला कापून सपाट केलं आणि रस्ते धुणाऱ्या खात्याला विकलं.

तिथे एका बाईंनी सगळ्यांना माझं काम समजावून सांगितलं. रस्त्याला दोन तोंडं असतात. मधल्या गोल, लोखंडी झाकणाखालचं पाणी गटारातून शुद्धीकरणाला जातं. कडेच्या जाळीतलं जातं थेट ओढ्यात, कारण ती जाळी पावसासाठी आहे. म्हणून रस्ता धुताना जाळीवर मला पसरायचं, साचलेलं मळकं पाणी टँकरच्या पाइपने ओढून घ्यायचं आणि गोल झाकणाखाली सोडायचं. वयाने वडीलधारी मंडळी माना डोलवत होती. मला वाटलं पटतंय. डुलक्या होत्या त्या.

आमचे मुकादम त्यातलेच. त्यांनी मला एकदाच वापरलं. पाणी ओढून घ्यायला अर्धा तास गेला, चहा थंड झाला, आणि माझी नोकरी संपली. “पाणी ते पाणी, उताराला जाणारच,” असं म्हणून त्यांनी मला घरी नेलं आणि स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागेपुढे टाकलं, बायकोचा पाय घसरू नये म्हणून. बायकोची काळजी म्हणाल, तर तेवढीच.

बाजाररस्ता धुवायची त्यांची पद्धत झोकात होती. झाडू मारायचा कंटाळा, म्हणून सगळा कचरा पाण्यानेच ढकलायचा. वर लिंबाच्या वासाचा साबण, गुडघाभर फेस. रस्ता स्वच्छ असून भागत नाही, स्वच्छ दिसला पाहिजे, हे ते रोज जेवताना ऐकवत. फेस कुठे जातो हे बायकोने विचारलं, तर म्हणाले, जातो.

तो जायचा ओढ्यातून तळ्यावर. आणि त्या तळ्यावर दर रविवारी गळ टाकून बसायचे त्यांचे सासरे.

सासरेबुवा म्हणजे हट्टाचा गाडा. बायको गेल्यापासून एकटे राहायचे, पण लेकीच्या घरी रिकाम्या हाताने यायचे नाहीत. ‘तुझी आठवण आली’ एवढं म्हणायला या माणसाची जीभ जड. त्यामुळे मासा मिळाला तरच भेट. लेक शनिवारपासून तवा घासून ठेवायची.

एका रविवारी पहिला घास घेऊन ते म्हणाले, “लिंबू जरा जास्तच पिळलंस.”

“बाबा, घरात लिंबूच नाहीये.”

मग तेलाला नावं ठेवून झाली, तव्याला झाली, शेवटी लेकीच्या हाताला झाली. आपला मासा वाईट असेल हे म्हातारबुवांच्या मनातही येईना. मुकादम मात्र पहिल्याच घासाला उठले आणि हात धुवायला माझ्यावर येऊन उभे राहिले. त्यांच्या पायाची बोटं माझ्या पाठीत रुतली. त्यांना कळलं होतं. हात पुसून त्यांनी नुसताच भात वाढून घेतला.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. त्यानंतरच्या रविवारी सासरे रिकाम्या हाताने, उंबऱ्यापर्यंतच आले. तळ्यावर फेस तरंगतोय, मासे उलटे पडलेत, आता गळ टाकणार नाही, म्हणाले. “येईन कधीतरी.” कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे लेकीला कळलं. तिने डोळ्यांना पदर लावायला म्हणून तोंड फिरवलं, तर समोर खुंटीवर नवऱ्याचा कामाचा सदरा. तिने तो नाकाशी नेला.

“अहो, माशाला यायचा तोच लिंबाचा वास तुमच्या सदऱ्याला येतोय.”

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने टँकरवाल्यावर ढकलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली वाकून मला गुंडाळलं.

“जावईबापू, हे पायपुसणं कुठे निघालं?”

“ड्युटीवर,” मुकादम म्हणाले.

तेव्हापासून मी जाळीवर आहे. आधी कोरडा झाडू, मग मोजकं पाणी, साबण बंद. पाठीवर काळं, तेलकट पाणी साचतं, ते टँकरचा पाइप ओढून घेतो, आणि तोवर मुकादम नव्या लोकांना ओढ्याचं महत्त्व सांगतात, जणू ओढा त्यांनीच खणलाय. सांगू देत. म्हाताऱ्यांची खोड आहे ती. सुधारले की आधीपासूनच सुधारलेले होते असं दाखवतात.

तळं सावरायला पुष्कळ महिने लागले. परवा मुकादम जाळीशी वाकून टँकरवाल्याला सांगत होते, काल सासरे मासा घेऊन आले, जेवले, आणि म्हणाले, आज मीठ कमी पडलंय. सांगताना गडी लाजला होता.

तुमच्यापुढे जोडायला मला हात नाहीत, असते तरी जोडले नसते. रस्ता धुवायच्या आधी झाडा, फेसाची हौस बादलीत भागवा, आणि पाय पुसायला दुसरं काहीतरी बघा. माझ्या अंगावर पाणी आलंय, आणि रविवार जवळ आलाय.