चंद्रकळेची पैज

प्रमोदिनी कर्णिक शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होती, पण निजामपुऱ्यात तिचं नाव होतं ते वेगळ्याच कारणासाठी. दर वर्षी मुंबईत सिनेमाचे पुरस्कार वाटले जायचे, आणि ते कुणाला मिळणार हे ही बाई आठवडाभर आधी सांगून मोकळी व्हायची. नायक, नायिका, खलनायक, फार काय, उत्कृष्ट ध्वनिमुद्रणसुद्धा! शेजारणी भाजी निवडता निवडता विचारायच्या. लूमवरची पोरं शिफ्ट सुटली की सायकल थांबवून, "मॅडम, इस बार हीरोईन कौन?" असं विचारून जायची. प्रमोदिनी चष्मा पुसत नाव सांगायची आणि आठवड्यानं तेच नाव पेपरात यायचं. शाळेत कधी आवाज न चढवणाऱ्या बाईच्या पायांना त्या दिवशी जमीन लागायची नाही.

या बाबतीत तिच्याशी भांडायची हिंमत एकीचीच होती, टेमघरच्या राहीबाई पाटलांची. राहीबाईंचे यजमान केसरीनाथ नगरसेवक. घरात व्हीसीआर, दंडात वाकी, आणि तोंडाचा पट्टा असा की मालही विकावा आणि गिऱ्हाईकही गप्प बसवावं. रविवारी दुपारी दोघी मिळून सिनेमे बघायच्या आणि मग पुरस्कारांवरून हातघाईवर यायच्या.

त्या वर्षी, एकोणनव्वद सालच्या जानेवारीत, प्रमोदिनीनं नवखी नायिका उचलून धरली. त्या सिनेमात ती नवऱ्याच्या सत्काराला काळी साडी नेसून जाते, भरल्या सभेत उभी राहते, आणि एक अक्षर बोलत नाही. बस्स, तेवढंच.

"हिला बक्षीस?" राहीबाई उसळल्या. "काळं नेसून सभेत उभी ऱ्हाते, ना नाच, ना गाणं! माझीवाली बघ, बर्फात कशी नाचते पातळ साडीत. थंडीची तरी दया येईल परीक्षकांना."

"परीक्षक दयेनं मत देत नाहीत. सगळ्या सभेनं तिच्याकडे वळून बघितलं, ते त्यांना विसरता येणार नाही."

"पैज?"

"पैज."

"हरलीस तर माझ्या हळदीकुंकवाचे लाडू वळायचे, सगळे. आणि जिंकलीस तर..." राहीबाई थांबल्या. त्यांनी प्रमोदिनीच्या साडीकडे बघितलं. फिका पिस्ता रंग. मागच्या रविवारीही पिस्ता होता, त्याच्या मागच्याही. "जिंकलीस तर मी तुला चंद्रकळा नेसवीन. आणि ती नेसून तू माझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसायचं, मंत्री येणार हायत ना नाट्यगृहाच्या उद्घाटनाला, तिथं."

प्रमोदिनी हसली. चंद्रकळा म्हणजे संक्रांतीची काळी साडी. नव्या नवरीला सासरचे घेतात, हलव्याचे दागिने घालतात, फोटो काढतात. प्रमोदिनीचं लग्न झालं नव्हतं, तेव्हा तिला ती घेणार कोण? दर भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ प्रभाकर एक साडी आणायचा. कोर्टातला निवृत्त कारकून, सज्जन माणूस, डोक्यावर कायम काळी टोपी. बिनलग्नाच्या बाईनं डोळ्यांत भरेल असं नेसू नये, असं घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. साडी आपली पिस्ता रंगाची यायची.

निकाल लागला. काळ्या साडीवालीला मिळालं! सकाळी पेपर उघडला आणि प्रमोदिनी ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या एक गोल फिरली. दुपारी राहीबाई रिक्षातून उतरल्या, काखेत पुडकं. काळीभोर साडी, लाल काठ, अंगभर रुपेरी ठिपके.

"राहीबाई, एवढी भारी कशाला!"

"हरले म्हणून आणली. दया म्हणून न्हाय," राहीबाई गुरकावल्या आणि नाक ओढत पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे कशानं भरले ते विचारायची सोय नव्हती.

उद्घाटनाच्या रविवारी प्रमोदिनीनं चंद्रकळा नेसली. आरशात बघितलं आणि तिला चक्क लाज वाटली, मग मजा वाटली, मग आपण किती दिवस हे करायचं टाळलं असं वाटून राग आला. प्रभाकर आधीच पुढे गेला होता, ते बरं झालं. रस्त्यानं ती रिक्षातून गेली तर पानवाल्यानं चुना लावता लावता पान खाली टाकलं. ती मनातल्या मनात सभेत जाऊन पोचली होती. पुढची रांग. लोक वळून बघतायत. आयुष्यात एकदाच, पण बघतायत!

नाट्यगृहाच्या फाटकावर मात्र वेगळाच प्रयोग चालू होता. मतदारयाद्यांच्या ड्युटीला वैतागलेले शिक्षक मंत्र्यांना काळे झेंडे दाखवणार अशी खबर लागली होती, आणि पोलिसांना हुकूम होता की आत काळं म्हणून काही जाऊ द्यायचं नाही. फाटकाशी छत्र्यांचा ढीग, रुमालांचा ढीग, मोज्यांचा ढीग. टोप्यांच्या ढिगात सर्वांत वर प्रभाकरची टोपी. शिपाईदादांनी एका वकिलाचा टाय काढून घेतला होता आणि तो वकील कलमं सांगत उभा होता.

हवालदार चांगदेवनं प्रमोदिनीला नखशिखांत बघितलं आणि कपाळावर हात मारला. हा चांगदेव खारबावचा, म्हणजे राहीबाईंच्या माहेरचा, त्यांच्या भावकीतला.

"आत्या, ह्यांना न्हाय सोडता येनार. सगलाच झेंडा हाय."

"झेंडा? अरे, संक्रांतीची साडी हाय ती!"

"मला कलतं आत्या, पर हुकूम हाय. काळं न्हाय म्हंजे न्हाय."

"अस्सं?" राहीबाईंनी पदर खोचला. "मग माझ्या गळ्यातल्या पोतीत काळे मणी हायत. काढ. चल, तुझ्या हातानं काढ!"

चांगदेव दोन पावलं मागे सरकला. "आत्या, असं काय बोलता!"

"डोळ्यांत काजळ हाय, ते पूस. केस कलप लावून काळे केलेत, ते काप. आणि तुझी मिशी रे? ती कुठली पिवळी हाय?"

मागची रांग हसून लोळायला लागली. कुणीतरी ओरडलं, "हवालदारसाब, पहले मूछ जमा करो!" चांगदेवनं मिशीवर हात ठेवला आणि फौजदारसाहेबांना बोलावलं.

फौजदार तरुण होता, समजूतदार होता. त्यानं तोडगा काढला. "बाई, तुमच्या मैत्रिणीची शाल आहे ना, ती अंगभर गुंडाळा. साडी दिसली नाही म्हणजे झालं. बसा पुढच्या रांगेत."

राहीबाईंनी शाल काढली सुद्धा. मोतिया रंगाची, मऊ. प्रमोदिनीनं हातात घेतली. आत सनईसारखं काहीतरी वाजत होतं, खुर्च्या सरकत होत्या, मंत्र्यांची गाडी कोपऱ्यावर आली होती. शाल गुंडाळली की आत. पुढची रांग. साडी दिसली नाही म्हणजे झालं.

तिनं शाल राहीबाईंच्या हातात परत दिली.

"नको," ती म्हणाली.

"मग मला तुम्हाला गाडीत बसवावं लागेल, त्या शिक्षकांबरोबर."

"बसवा."

पोलिसांची निळी गाडी शेजारीच उभी होती. आत काळ्या फिती लावलेले मास्तर दाटीवाटीनं बसले होते. शाळेच्या हेडक्लार्कबाई, ज्या रजेचा अर्ज दोनदा परत पाठवतात त्या, काळी चंद्रकळा नेसून गाडीत चढताना बघून त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मग एकदम घोषणा फुटली, "कर्णिकबाई झिंदाबाद!" गणिताच्या मास्तरांनी उठून खिडकीची जागा दिली.

फौजदारानं दारात उभं राहून विचारलं, "रिपोर्टात लिहावं लागेल. कशाचा निषेध?"

"पिस्ता रंगाचा," प्रमोदिनी म्हणाली.

"काय?"

"लिहा. जन्मभर पिस्ता रंग नेसवल्याचा निषेध." आणि तिला असं काही हसू फुटलं की चष्मा नाकावरून घसरला. मास्तरांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही घोषणा दिली, "पिस्ता रंगाचा धिक्कार असो!" फाटकावरची अख्खी गर्दी वळून बघत होती. मंत्र्यांच्या गाडीची काच खाली झाली आणि मंत्रीसुद्धा बघत होते.

तेवढ्यात गाडी एका बाजूला कलली. राहीबाई चढल्या होत्या.

"आत्या, तुम्ही कुठं! साहेब, नगरसेवकांची बायको हाय ती!"

"पैज काय ठरली होती? मी हिच्या शेजारी बसनार, पुढच्या रांगेत," असं म्हणून त्यांनी गणिताच्या मास्तरांना आणखी सरकवलं. "ही बघ, हीच पुढची रांग. चल, सोड गाडी."

चौकीत चहा आला, वर केसरीनाथांनी धावत पळत भजी पाठवली, आणि सगळ्यांना तासाभरात सोडलं. प्रभाकर न्यायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कुणाची तरी मोठी टोपी होती, पार भुवयांपर्यंत उतरलेली. त्याची स्वतःची ढिगात सापडली नव्हती. फाटकावरची हकीगत त्याच्या कानावर आली होती, रंगाच्या नावासकट.

निजामपुऱ्याच्या वळणावर आल्यावर तो म्हणाला, "प्रमू, तुला पिस्ता आवडत नव्हता?"

"तू कधी विचारलंस दादा?"

"नाही," तो म्हणाला. टोपी वर सारली, ती परत खाली आली. "मला वाटायचं, तुला चालतं."

"चालायचं रे. चालायचंच."

राहीबाई मागून येत होत्या.

कापडबाजारात शेठचं दुकान उघडं होतं. प्रभाकर अचानक पायरी चढला. भाऊबीज दहा महिने लांब होती, पण शेठनं त्याला बघितलं आणि सवयीनं हात वरच्या फळीकडे गेला. "आओ कारकूनसाहेब. नेहमीचंच ना, पिस्ता?"

प्रभाकरनं मोठी टोपी काढून हातात धरली.

"हिला विचारा," तो म्हणाला.

शेठनं वळून बघितलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली. राहीबाई पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि कुणाला कुठलं बक्षीस मिळणार हे आठवडाभर आधी सांगणाऱ्या बाईला, स्वतःला काय हवंय ते काही केल्या पटकन सांगता येईना. तिनं चष्मा पुसला. फळ्यांवरून नजर फिरवली, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग ती गादीवर मांडी घालून ऐसपैस बसली.

"सगळं काढा," ती म्हणाली.