दुसऱ्यांदा सांगितलेलं

दातवाल्या बाईंचे स्वतःचे दात फार सुरेख होते, पण ते फारसे कुणी पाहिले नव्हते. तीस वर्षं त्या कवळ्या बनवत आल्या होत्या. दातांचे डॉक्टर जबड्याचा प्लॅस्टरचा साचा पाठवायचे. बाई त्यावर गुलाबी मेणाची कड चढवायच्या, तिच्यात एकेक दात रोवायच्या, चिमट्याने जरा इकडे रेटायच्या, जरा तिकडे, आणि कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं हसू तयार व्हायचं. शहरातली निम्मी म्हातारी माणसं बाईंच्या दातांनी हसत होती. बाईंच्या बोलण्याला मात्र कुणी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

याचा अर्थ बाई विनोदी नव्हत्या असा कुणी काढू नये. घरात विनोदी माणसाची जागा एकच होती आणि ती नवऱ्याने अडवली होती, एवढंच. त्यांना सगळे 'बहार' म्हणत. विमा कचेरीत हेडक्लार्क, उंच, आवाज खणखणीत. दर शनिवारी दुपारी त्यांची मित्रमंडळी घरी जमायची आणि हसून हसून बेजार होऊन घरी जायची.

आता हा विनोद कसा तयार व्हायचा ते सांगतो, कारण त्या चार भिंतींबाहेर ते कुणाला माहीत नव्हतं. आतल्यांनाही नव्हतं, म्हणा. एकदा मित्रांपैकी वकील छाती फुगवून म्हणाले, "तीस वर्षांत आमचं नवरा-बायकोचं एकही भांडण नाही." बाई चहाचे कप मांडत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "वहिनींनी निकाल तीस वर्षांपूर्वीच दिला असेल. तुम्हाला प्रत मिळाली नसेल."

कुणी हसलं नाही. कुणी ऐकलंच नाही. मग बहारांनी दोनदा घसा खाकरला, अहं, अहं, आणि म्हणाले, "म्हणजे बघा, निकाल आमच्याकडेही तीस वर्षांपूर्वीच लागलाय. पण न्यायाधीश अजून बोलायची थांबत नाही!" आणि बाईंकडे बोट केलं. मंडळींतले दुसरे, औषधांच्या दुकानाचे मालक, त्या औषधवाल्यांच्या नाकातून चहा आला. वकील डोळे पुसत म्हणाले, "बायकांना विनोद कळतो, पण करता येत नाही. त्याला पुरुषाचंच डोकं लागतं." बाईंनी सांडलेला चहा पुसला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा प्रकार, आणि तो तब्बल एकतीस वर्षं चालला. शिवाय बहार विनोद नुसता उचलत नसत, तो वळवून बायकोवर सोडत. बाईंना राग यायचा? यायचा. पण लहानपणी आईनेच त्यांना बजावलं होतं, बाईमाणसाने हसावं, हसवायला पुरुष आहेत. शिवाय आपलंच वाक्य चारचौघांत गडगडताना ऐकून चोरटं सुखही व्हायचं. ते खोटं कशाला बोला. मात्र एक इच्छा बाईंच्या मनात घर करून बसली होती. एकदा, फक्त एकदा, आपण बोलावं आणि आपण बोलल्यावरच लोकांनी हसावं.

बहार गेले ते झटक्यात, कचेरीच्या पायऱ्या उतरताना. महिनाभराने मंडळी पुन्हा शनिवारची येऊ लागली. बहारांची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली. पहिल्याच शनिवारी औषधवाले भिंतीवरच्या फोटोकडे बघून हळहळले, "किती शांत दिसतोय."

"फोटोवाल्याने बोलू नका म्हणून सांगितलं होतं," ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "जन्मात एकदाच ऐकलं त्यांनी कुणाचं."

शांतता. आणि मग, एक वाक्य बोलून व्हावं एवढ्या वेळाने, सगळे खो खो हसले. वकिलांनी मांडीवर थाप मारली. औषधवाले रडत रडत हसत होते. "अगदी तोच," ते म्हणाले. "अगदी तोच हो, वहिनी."

बाई आनंदल्या. एकतीस वर्षांनी का होईना, हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण दारात नाही. आपण रिकाम्या खुर्चीमागे उभ्या आहोत, तिच्या पाठीवर हात आहे आणि ट्रे टेबलावर आहे. तो कधी ठेवला ते आठवेना.

पुढच्या शनिवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. बाई बोलायच्या, मग ते मधलं रिकामं अंतर, मग हसू. त्या अंतरात काय असतं हे त्यांना कळायचं नाही. डोळे मिटून उघडावेत तसा तो काळ निघून जायचा. शनिवारी संध्याकाळी घसा मात्र खरवडल्यासारखा दुखायचा. बाई मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या आणि स्वतःला सांगायच्या, लोकांना कळायला जरा वेळ लागतोय, सवय नाही त्यांना.

कवळ्यांच्या कारखान्यात बाईंच्या शेजारच्या टेबलावर मेण वितळवणारी एक तरुण मुलगी होती. एकदा डॉक्टरांची चिठ्ठी आली, अमुक आजोबांना नवी कवळी घालून बोलताच येत नाही. बाई म्हणाल्या, "आधी आजींना विचारा, दुरुस्त करून हवी आहे का."

मुलगी लगेच हसायला लागली होती. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. तिचे ओठ फाकले, गाल वर गेले. मग तो मधला काळ गेला आणि बाई बघतात तो मुलीचं हसू कुठल्या कुठे पळालेलं. ती स्टुलावरून उठून भिंतीला टेकली होती. मेणाचं भांडं उकळत होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"का गं?"

"काही नाही. असा आवाज नका काढू. मला भीती वाटते."

बाई पुन्हा कामाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी एका जबड्यात सुळे उलटे बसवले आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

बहारांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा बाईंची मुलगी माहेरी आली, जावयांना घेऊन. बहारांच्या आठवणींचा कार्यक्रम मंडळींनी सभागृहात ठरवला होता आणि 'बहारदार' नावाची विनोदांची पुस्तिकाही छापायची होती. "बाबांचे विनोद आईला सगळे पाठ आहेत," असं मुलीने मंडळींना सांगितलं होतं. शनिवारच्या बैठकीत तिने फोन टेबलावर ठेवून सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. मंडळी गेल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या आणि तिने ते लावलं.

कप वाजले. वकिलांचं खोकणं ऐकू आलं. मग बाईंचा स्वतःचा आवाज, हळू, घाईत, वाक्याचं शेवटचं टोक पदराखाली लपवल्यासारखं. मग शांतता. बाई पुढे झुकल्या. या मधल्या जागेत काय असतं हे त्यांना वर्षभर कळलं नव्हतं.

अहं, अहं.

"म्हणजे बघा," बहार म्हणाले. खणखणीत. तोच विनोद, वळवलेला, शेवटी बायकोच्या अंगावर सोडलेला. आणि मग हशा.

बाईंनी फोन दूर सारला. "हे जुनं आहे," त्या म्हणाल्या. "हे बाबांचं जुनं रेकॉर्डिंग मध्ये घुसलंय."

मुलीने रेकॉर्डिंग थांबवलं. "आई, तूच आहेस ती."

"काहीतरीच बोलू नकोस."

"तूच बोलतेस. आधी तुझ्या आवाजात, मग उठून खुर्चीमागे जातेस आणि बाबांच्या आवाजात. सगळ्यांना वाटतं, तू दुःख हलकं करायला नक्कल करतेस. मलाही तसंच वाटलं होतं." तिने आईचा हात धरला. "तुला खरंच माहीत नव्हतं?"

बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पाच वेळा ऐकलं. नवरा मरून वर्ष झालं होतं आणि त्याने बायकोच्या गळ्यात बिऱ्हाड थाटलं होतं. की असं कुणी नव्हतंच तिथे, आणि एकतीस वर्षं ऐकून ऐकून त्यांचा गळाच ते काम शिकला होता? कुठलं जास्त भयंकर हे बाईंना ठरवता येईना. वाईट याचं वाटलं की लोक हसले होते ते पुन्हा त्यालाच. आणि बाण अजूनही बाईंनाच लागत होता, आता त्यांच्याच हाताने सुटलेला.

"कार्यक्रमात बोलू नकोस मग," मुलगी म्हणाली. "मी सांगते त्यांना, बरं नाही म्हणून."

"बोलणार," बाई म्हणाल्या. "पण एकदाच बोलणार."

पुढचे आठ दिवस त्यांनी कारखान्यात सराव केला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की फळीवरच्या प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं आणि दातांवर दात घट्ट रोवायचे. पहिल्या दिवशी जमलं नाही. शुद्धीवर आल्या तेव्हा घसा दुखत होता आणि त्या दुसऱ्या टेबलापाशी होत्या. चौथ्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच ते येताना कळलं. छातीतून काहीतरी वर सरकत होतं, घशाशी येऊन थबकत होतं, खाकरायला जागा मागत होतं. त्यांनी तोंडावर दोन्ही हात दाबले. डोळ्यांतून पाणी आलं. बऱ्याच वेळाने ते खाली गेलं, नाइलाजाने, कुरकुरत, बहार बाजारात पिशवी धरून उभे राहायचे तसं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. वकील बोलले, औषधवाले बोलले. दोघांनी मिळून बाईंचे नऊ विनोद बहारांच्या नावावर सांगितले. दुसऱ्या रांगेत मुलगी आणि जावई बसले होते. जावई भला माणूस, बँकेत नोकरीला, चारचौघांत तोंड न उघडणारा. मग बाईंना पुढे बोलावलं. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, त्याच्या आवाजात होऊन जाऊ द्या."

बाईंनी माईक धरला.

"सगळे मला विचारतात," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य शेवटपर्यंत मोठ्याने नेलं, "की त्यांच्याशिवाय दिवस कसा जातो. लवकर जातो. आता प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकावी लागते."

आणि दातांवर दात रोवले.

ते आलंच. छातीतून उठलं, घशात चढलं, आतून धक्के देऊ लागलं. बाईंनी माईक खाली ठेवला आणि तोंडावर हात दाबला. सभागृह गप्प होतं. तोंडं अर्धी उघडी ठेवून दीडशे माणसं वाट बघत होती. हसू तयार होतं त्यांच्याकडे, पण ती माणसं विनोद दुसऱ्यांदा सांगितला जाण्याची वाट बघत होती. वकील तर खुर्चीच्या टोकावर आले होते.

त्या शांततेत एकटी त्यांची मुलगी हसली. मोकळं, आतून आलेलं हसू. तिला लगेच कळलं होतं. बाईंच्या घशातला धक्का तिथेच विरला. हाताखाली त्यांचे ओठ हलले आणि त्यांना समजलं की आपणही हसतोय. झालं होतं. त्यांनी त्यांच्याच आवाजात बोललेल्या शब्दाला एक माणूस हसलं होतं. बाईंना एवढं पुरणार होतं.

अहं, अहं.

बाईंनी हात तोंडावर आणखी दाबला. पण तो आवाज त्यांच्या घशातून आला नव्हता.

दुसऱ्या रांगेत जावई उठून उभा राहिला होता. मान जरा तिरकी, एक हात बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर. "म्हणजे बघा," तो म्हणाला, आणि तो आवाज त्या शांत माणसाचा नव्हता. "आमच्याकडे उलटंच आहे. सासूबाईंची एकच गोष्ट शंभर वेळा ऐकावी लागते!"

सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, मांड्यांवर थापा. वकील डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "वारस मिळाला, वारस मिळाला." जावई खाली बसला आणि आपण का उभे होतो हे न कळल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. त्याने घशावरून हात फिरवला.

मुलीचं हसू थांबलं होतं. ती नवऱ्याकडे बघत होती, मग तिने समोर आईकडे पाहिलं. दोघींना एकाच क्षणी सगळं कळलं. गदारोळ चालूच होता. त्यात मुलीने मान खाली घातली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असतील. काहीतरी तिखट असणार, कारण तिच्या गालाला खळी पडली. कुणालाच ऐकू गेलं नाही. जावयाने मात्र कान तिच्याकडे झुकवला. त्याची छाती वर उचलली गेली.

बाईंनी माईक उचलला.

"ए पोरी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, फाटलेला, पण सगळ्या हशाच्या वरचा. "त्याला नको सांगूस. उभी राहा. मोठ्यानं बोल."