एका पायाची साक्ष

मी डासाची मादी बोलतेय. खरं तर माझा एक पायच बोलतोय. बाकी सगळी मी कुटली गेले. आमचे नर चावत नाहीत, फुलांचा रस पिऊन पडून असतात. मलेरिया पसरवायचं कष्टाचं काम आम्हा बायकांच्याच गळ्यात. तुमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा!

आरोग्य खात्याच्या कचेरीमागच्या उघड्या टाकीत मी जन्मले. टाकीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी झाकून ठेवा'. लिहिलं की काम झालं, अशी तुमची समजूत.

पंख फुटल्यावर मी शेजारच्या वस्तीत, खात्याच्याच फवारणीवाल्याच्या घरी गेले. आदल्याच दिवशी त्याने भिंतींवर डास मारायचं औषध फवारलं होतं. मी त्याच भिंतीवर खुशाल टेकले. खाटेवर त्याची पोटुशी सून तापाने कुडकुडत होती. वस्तीभर ताप होता, आणि साहेबांनी खापर फोडलं होतं त्याच्याच डोक्यावर.

"औषधात पाणी घालता तुम्ही! उद्यापासून येऊ नका."

"साहेब, वीस वर्षं झाली मला. स्वतःच्या घरात तरी नुसतं पाणी मारीन का?"

"पुरावा आणा."

त्याची बायको त्याच खात्यात डास पकडायच्या कामावर. तिने डास ओढायची नळी तोंडात धरली आणि सुर्रकन मला ओढून घेतलं.

"सापडली भवानी! अहो, औषध लावलेल्या भिंतीवर जिवंत बसली होती. पाठवतेच हिला प्रयोगशाळेत."

माझ्यासारख्या चाळीसजणी गेल्या. तिथल्या बाईंनी माझा एक पाय पुरावा म्हणून जपून ठेवला, उरलेल्या मला कुटलं, आणि यंत्राने माझी जनुकं अक्षर न् अक्षर वाचून काढली. निघालं काय? हे औषध आम्हाला बाधतच नाही. म्हणजे त्याने पाणी घातलंच नव्हतं. अहो, हेच तर तो बिचारा महिनाभर घसा फोडून सांगत होता!

त्याला कामावर परत घेतलं. कुठली माफी न् कुठलं काय! "झालं गेलं विसरा," म्हणाले साहेब.

"मग आता कोणतं औषध मारू?"

"नवीन येईपर्यंत हेच मारा. गोदाम भरलंय."

त्याने पंप पाठीला लावला. सुनेचा ताप अजून उतरला नव्हता.

मी आता प्रयोगशाळेच्या बर्फपेटीत पडून आहे. माणसाच्या वीस वर्षांच्या शब्दाला तुमच्या लेखी किंमत नाही, ती माझ्या तंगडीला आहे. मग ही तंगडीच सांगते, ऐका: त्या पोरीसाठी तरी टाकीला झाकण लावा.

नाही लावणार तुम्ही. ओळखून आहे मी तुम्हाला. आमच्या सात पिढ्या तुमच्याच जिवावर पोसल्यात.