सुगीचं खोकं

म्युरियल थ्वेटला अक्कल कधीच नव्हती. चर्चच्या कमिटीवर मी एकोणीस वर्षं होते, तेव्हा ती नुसत्या कपबशा विसळायची, त्याही कळकट. सुगीच्या प्रार्थनेला लोक डबाबंद जिन्नस आणून वेदीपुढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते खोक्यांत भरून गावातल्या गरजू म्हाताऱ्यांना वाटतात. गरजू कोण, हे मी ठरवायचे. दारात खोकं आलं की गल्ली त्या घराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागते, हे मला चांगलं ठाऊक होतं. काहींची नावं तर मी त्यासाठीच घातली.

यंदा गुडघ्यांपायी मी कमिटी सोडली आणि यादी म्युरियलकडे गेली. सोमवारी भर दुपारी माझ्याच पायरीवर खोकं. वर हिरवी फीत, ठळक अक्षरांत माझं नाव. समोरची बाई खिडकी पुसता पुसता थांबली होती.

चाळीस वर्षांत या गल्लीत मी कुणाकडे चमचाभर साखर मागितली नाही. खोकं उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं रस्त्याच्या मधून म्युरियलकडे निघाले. तिच्या दारात ते आदळायचं आणि चार शब्द सुनावायचे.

तिनं दार उघडलं. घरात असून अंगात कोट, डोक्यावर लोकरी टोपी.

"अगं एल्सी, आत ये आधी. दार लाव."

मी तुला भिकारीण वाटले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, रोज दहाला वाचनालयात येतेस ती बंद होईपर्यंत बसतेस. मला पेपर वाचायला आवडतो, मी म्हटलं.

"एकच पान दोन तास? मी तुझ्या मागच्याच टेबलाशी असते. तिथला हीटर चांगला आहे."

तिचं घर माझ्या घराइतकंच गार होतं. मग स्वतःचं नाव का नाही घातलंस, मी विचारलं.

"यादी करणारीनंच? लोक काय म्हणतील?"

बावळट बाई. तेवढाही धीर नाही. मी तिच्याच टेबलावर खोकं फोडलं. मटार आणि सूप तिच्यापुढे सरकवलं, पीच आणि हॅम मी घेतलं. आभार मानायला लागली तर गप्प बस म्हटलं, आणि डबे कोटाखाली धरून तिच्या मागच्या दारानं निघाले.

मी खोकं तिच्या तोंडावर फेकून आले, असं गल्लीत सगळे म्हणतात. म्युरियलही तसंच सांगते.