देवरावची रुई

चांदूर बाजारात आमच्या आळीत रुईचं एकच झुडूप उरलं होतं, देवरावच्या कुंपणाशी. रस्त्याकडेची रुई रुंदीकरणात गेली, बांधावरची तणनाशकानं जळली. देवरावनं बोटभर रोप आणून वाढवलं. फुलांवर काळे भुंगे आले, पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. पुढे फुलपाखरं इतकी झाली, की देवरावच्या बायकोचं, मैनावहिनीचं, वाळत घातलेलं लुगडं त्यांनी उचलून पार तिवस्याला नेलं. खोटं वाटत असेल तर तिवस्यात विचारा. अजून परत केलं नाही लेकांनी.

पण शनिवारी मारुतीच्या माळेसाठी बाया पानं ओरबाडत.

"पार्वताकाकू, अळ्या काय खातीन वो? रुईशिवाय त्यायले काई चालत नाई," देवराव विनवायचा.

"मंग शनिवार घडन त्यायले. देवाले पानं द्याले जीवावर येते काय तुह्या?"

शेवटी देवरावनं नदीतून गोटा आणला, शेंदूर फासून रुईखाली मांडला. मला म्हणाला, "देवाच्या झाडाले कोन हात लावते आता?"

"देव कोनता पन?"

"शेंदराचा."

"शेंदराचा म्हंजे मारुतीच ना, बावा!"

तोवर बायांनी हात जोडले होते.

पुढच्या शनिवारी पहाटेपासून रांग. देवळापर्यंतची पायपीट वाचली. इथंच तोडा, इथंच ओवा, इथंच घाला. तेल सगळं रुईच्या मुळाशी.

"अवो, गोटा म्याच आनला!" देवराव ओरडला.

"त्यानंच आनवला तुह्या हातून," पार्वताकाकू म्हणाली. "नशीबवान हायेस."

"उचला ना मंग," मैनावहिनी घरातून म्हणाली. देवराव दोनदा वाकला. दोन्ही वेळा हात मागे आला. शेंदूर लागलेला गोटा कसा उचलणार?

संध्याकाळी नुसत्या काड्या उरल्या. एका काडीवर एकच अळी, डोकं इकडं-तिकडं हलवत पान शोधत होती. हिरवं पान होतं ते देवाच्या गळ्यात. देवरावनं तिला अलगद माळेवर सोडलं. ती खायला लागली. आम्ही दोघं उकिडवे बसून पाहत राहिलो.

तेवढ्यात पार्वताकाकू दिवा घेऊन आली. "अवो माय, देवाच्या गयात अळी!"

"राहू द्या काकू. दोन-चार दिवसाचं काम हाये तिचं."

पण काकू मोठी मायाळू. मारलं नाही तिनं. काडीनं हळूच उचललं आणि त्या बोडक्या रुईवर ठेवून दिलं.

"जाय बाई," म्हणाली, "आपल्या झाडावर सुखानं राय."