न पडणारी भिंत

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये भिंत बांधायची ती चिखलात. मार्क मिळाले की पाडायची आणि त्याच विटा पुढच्या बॅचला द्यायच्या. पण नामपूरच्या सायलीनं गुपचूप शेजारच्या काँक्रीट लॅबमधलं सिमेंट उचललं आणि झकास माल कालवला. वेणीमाधव सरांनी ओळंबा लावला, मान डोलावली आणि दहापैकी दहा दिले.

सोमवारी भिंत पाडायला अख्खा वर्ग भिडला. धक्के मारले, लाथा घातल्या. भिंत आपली ढिम्म! हसून हसून सगळ्यांनी जमिनीवर बसकण मारली.

सर तणतणले, "सिमेंट कुणी घालायला सांगितलं होतं?"

"सर, पाडायची भिंत बांधायचं जिवावर आलं हो," सायली खिदळत म्हणाली.

"आणि आता पुढच्या बॅचनं काय करायचं?"

"प्लास्टर!"